उत्तरायुष्य आणि जिनतीर्थांचे सौंदर्य : नेमगिरी ते कुंथलगिरी

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना ज्या वस्तूंची गणना केली आहे, तिच्या आरंभीच ‘क्षेत्र’ आणि ‘वास्तु’ हे दोन शब्द येतात. क्षेत्र म्हणजे जमीनजुमला आणि वास्तु म्हणजे घर, वाडा, इमारत. सोनेचांदी, धनधान्य आणि वस्त्रप्रावरणे ही सर्व त्यांच्या मागाहून येतात. माणसाचा जीव सर्वांत आधी भूमीत आणि भिंतींत अडकतो, हे आचार्यांनी नेमके ओळखले होते. इंद्रियांविषयीही शास्त्रकारांनी असाच इशारा दिला आहे. डोळ्यांच्या आसक्तीने प्राणास मुकणाऱ्या जीवाचा दृष्टांत म्हणून दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्या प्रवचनांतून आजही सांगितला जातो.

असे असूनही डोंगर आणि वास्तू यांच्या सौंदर्याची जी उपासना जैन समाजाने केली, तिला तोड नाही. वेरूळची जैन लेणी, श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती, अबूवरील देलवाड्याची मंदिरे ही नावे सर्वपरिचित आहेत. परभणी जिल्ह्यातील जिंतूरजवळची नेमगिरी त्याच मालिकेतील आहे. ज्या धर्माने जमीन आणि इमारत यांना बंधन मानले, त्याच धर्माच्या अनुयायांनी डोंगर कोरून मंदिरे का केली? आणि आयुष्याच्या उतरणीला लागलेला श्रावक त्या डोंगरांकडे का ओढला गेला? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे.

समवसरणाची वाट

या प्रश्नाचे पहिले उत्तर आदिपुराणात सापडते. राष्ट्रकूट काळातील थोर आचार्य जिनसेन यांनी शके ७५९, म्हणजे इ.स. ८३७ मध्ये, आपले गुरू वीरसेन यांची अपूर्ण राहिलेली ‘जयधवला’ टीका पूर्ण केली. त्यानंतर उतारवयात त्यांनी महापुराणाचे प्रचंड कार्य अंगावर घेतले. बेचाळीस पर्वे पूर्ण झाली, त्रेचाळिसाव्या पर्वाचे अवघे तीन श्लोक लिहून झाले आणि त्यांची लेखणी थांबली. उरलेला भाग त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी पूर्ण केला. ज्या विरागी आचार्यांच्या हाती आयुष्याचा थोडाच काळ शिल्लक होता, त्यांनी आदिपुराणात समवसरणाचे वर्णन किती विस्ताराने केले आहे, हे पाहण्यासारखे आहे. तेथे कमळांनी भरलेल्या खंदका आहेत, लतावने आहेत. अशोक, सप्तपर्ण, चंपक आणि आम्र यांची चार वने आहेत. तट, गोपुरे, स्तूप, ध्वज आणि मानस्तंभ आहेत. भगवंतांची दिव्यध्वनी ऐकण्यापूर्वी देव, मनुष्य आणि तिर्यंच या सर्वांना हे सौंदर्य ओलांडूनच पुढे जावे लागते.

मानस्तंभाविषयीची परंपरा येथे विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. त्याच्याकडे मान वर करून पाहताच पाहणाऱ्याचा मान, म्हणजे अहंकार, गळून पडतो. महावीर भगवंतांशी वाद घालण्याच्या इराद्याने आलेल्या इंद्रभूती गौतमांचा गर्व मानस्तंभाच्या दर्शनानेच विरला, असे आपले पुराणकार सांगतात. म्हणजे वास्तू ही दोन प्रकारची असते. एक वास्तू ‘माझी’ म्हणवते आणि मान वाढविते. दुसरी कोणाचीच नसते आणि मान उतरविते. शास्त्रकारांचा इशारा पहिल्या प्रकाराला आहे. जिनायतने दुसऱ्या प्रकारात मोडतात. सौंदर्य तेच, पण त्यावरील मालकीचा हक्क सुटला की ते बंधन उरत नाही.

श्रावकाच्या अकरा प्रतिमांचा क्रमही याच दिशेने जातो. आठवी आरंभत्याग, नववी परिग्रहत्याग, दहावी अनुमतित्याग. आधी धंद्यातील उलाढाल सोडावयाची, मग संग्रह सोडावयाचा आणि शेवटी मुलाबाळांच्या व्यवहारात ‘असे करा, तसे करू नका’ हे सांगणेही सोडावयाचे. ज्याने दुकानात चार तपे घालविली आहेत, त्याला हा क्रम किती अवघड आहे ते कळते. व्यापाऱ्याची नजर प्रत्येक वस्तूवर भाव लिहून मोकळी होते. ताका उलगडताच पोत, पन्हा आणि वाराचा दर त्याच्या मनात उमटतो. या नजरेला काहीही विकत न घेता नुसते पाहावयास शिकविणे, हे उत्तरायुष्याचे खरे शिक्षण होय, आणि त्याची शाळा म्हणजे आपली तीर्थे.

विवेकाने राज्य सोडणारा राजा

याचे इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष. इ.स. ८१४ च्या सुमारास तो लहान वयात गादीवर आला आणि साठांहून अधिक वर्षे त्याने राज्य केले. मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, ही त्याची राजधानी होती. आजच्या मराठवाड्याचा मुलूख त्याच्या साम्राज्यात मोडत होता. कन्नड भाषेतील उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत प्राचीन मानला जाणारा ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ त्याच्याच दरबारातला. आचार्य जिनसेनांच्या चरणी मस्तक ठेवून हा राजा स्वतःला पवित्र झालेला मानत असे, असे गुणभद्रांनी नोंदवून ठेवले आहे.

शके ७९३, म्हणजे इ.स. ८७१ च्या संजान ताम्रपटात अमोघवर्षाने एकाहून अधिक वेळा राज्यत्याग केल्याचा उल्लेख येतो. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ या छोट्या संस्कृत ग्रंथाच्या अखेरीस तर विवेकामुळे राज्य सोडलेल्या अमोघवर्षाने ही रचना केली, असे म्हटलेले आढळते. त्या ग्रंथाच्या तिबेटी भाषांतरातही कर्तृत्व त्याच्याकडेच दिले आहे. उत्तरायुष्यात हा सम्राट राज्यकारभारातून मन काढून घेत गेला, असे या साधनांवरून दिसते.

वेरूळच्या जैन लेण्यांचे काम सर्वसाधारणपणे नवव्या-दहाव्या शतकातील, म्हणजे याच राष्ट्रकूट काळातील मानले जाते. डोंगराच्या उत्तर टोकाला असलेली तीस ते चौतीस क्रमांकाची ही लेणी कैलास लेण्याच्या गर्दीपासून दूर आहेत. बत्तिसाव्या लेण्याच्या अंगणात एकाच पाषाणातून कोरलेला हत्ती उभा आहे आणि मध्यभागी चौमुखी मंदिर आहे. वरच्या मजल्यावर छताला विशाल कमळ फुललेले आहे. वडाच्या झाडाखाली हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र मानले आणि त्यावरून या लेण्यास ‘इंद्रसभा’ हे नाव पडले. समोर फळांनी लगडलेल्या आंब्याखाली सिंहावर अंबिका विराजमान आहे.

भिंतीवर बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत आणि त्यांच्या मांड्यांवर, बाहूंवर वेली चढलेल्या आहेत. या एका शिल्पात आपल्या विषयाचे सार आले आहे. बाहुबलींनी जिंकलेली भूमी सोडली. भूमीवरील हक्क सुटला आणि मग त्याच भूमीतील वेल निर्भयपणे त्यांच्या अंगावर चढली. ज्याला तिच्याकडून काही नको होते, त्याच्याच अंगाखांद्यावर ती फुलली.

याच वेरूळच्या डोंगरावर, लेण्यांच्या वरच्या अंगाला, पार्श्वनाथांची भव्य प्रतिमा आहे. शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ च्या लेखात ती श्रीवर्धनपूरच्या चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने करविल्याची नोंद आहे. त्या डोंगराला लेखात ‘चारणाद्री’ म्हटले आहे. भरत चक्रवर्तीने कैलास पर्वताला जसे तीर्थ केले, तसे चक्रेश्वराने जिनप्रतिमा कोरवून या डोंगराला तीर्थ केले, असा त्याचा आशय आहे. अमोघवर्षानंतर जवळजवळ चार शतके लोटल्यावर एका गृहस्थाने तोच डोंगर निवडावा, ही घटना परंपरेच्या सातत्याची साक्ष देते. राजा गेला, राजवंश गेला, यादवांचे राज्य आले, पण डोंगर आणि त्यावर श्रद्धा ठेवणारा श्रावक राहिला.

अबूवरील विमलवसही या मंदिराची कथाही अशीच आहे. गुजरातचा दंडनायक विमलशहा याने इ.स. १०३१ मध्ये हे आदिनाथ मंदिर उभारले. युद्धांत आयुष्य घालविल्यानंतर झालेल्या हिंसेचा पश्चात्ताप म्हणून त्याने उत्तरायुष्यात हे काम हाती घेतले, असे परंपरा सांगते. बाहेरून साध्या भिंती आणि आत संगमरवराचे कमळवन अशी त्याची रचना आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वैभव दिसू नये, आत येणाऱ्यालाच ते दिसावे, अशीच जणू ती योजना आहे.

परभणीचे ताम्रपट

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परभणी येथे मिळालेले ताम्रपट जैन इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. शके ८८८, म्हणजे इ.स. ९६६ मध्ये, वेमुलवाड्याच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या अरिकेसरीने ते दिलेले आहेत. हे घराणे राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. अरिकेसरीचा पिता बद्देग याने लेंबुलपाटक, म्हणजे आजच्या तेलंगणातील वेमुलवाडा, येथे ‘शुभधाम जिनालय’ बांधले होते. त्या जिनालयासाठी पुत्राने एक गाव दान दिले आणि ते आचार्य सोमदेवसूरींच्या स्वाधीन केले. ‘यशस्तिलकचंपू’ आणि ‘नीतिवाक्यामृत’ या ग्रंथांचे कर्ते ते हेच सोमदेवसूरी. त्यांचे ‘यशस्तिलक’ शके ८८१ मध्ये, म्हणजे या दानाच्या सात वर्षे आधी, पूर्ण झाले होते.

या दानाचा हेतू ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मोडतोड झालेल्या भागाची दुरुस्ती, चुन्याचा गिलावा आणि पूजाअर्चा यांसाठी ते दान होते. पित्याने मंदिर बांधले आणि पुत्राने ते राखण्याची तरतूद केली. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने जुने मंदिर नीट राखणे हे नवे मंदिर बांधण्याइतकेच पुण्याचे होते. परभणीच्या मातीत सापडलेल्या या ताम्रपटांचा हा संदेश हजारांहून अधिक वर्षांनीही शिळा झालेला नाही.

नेमगिरी

जिंतूर शहरापासून सुमारे तीन किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी अशा दोन टेकड्या आहेत. जिंतूरचे प्राचीन नाव जैनपूर असल्याचे परंपरेने सांगितले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले फाटे या भागात येतात. ज्या काळ्या अग्निजन्य खडकाने हे डोंगर बनले, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तयार झाला. तोच खडक झिजून परभणीची काळी कसदार जमीन झाली. ज्या मातीने येथील कापूस आणि ज्वारी पिकविली आणि पर्यायाने येथील बाजारपेठा उभ्या केल्या, त्या मातीचा आणि नेमगिरीच्या गुहांचा दगड मुळात एकच आहे. खाली तो ‘क्षेत्र’ झाला, म्हणजे परिग्रह झाला. वर तोच तीर्थ झाला.

डोंगराचे नाव बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांच्यावरून पडले आहे. नेमिनाथांची कथा लहानथोरांना पाठ आहे. वरात राजुलच्या दारी निघालेली असताना लग्नाच्या भोजनासाठी कोंडून ठेवलेल्या प्राण्यांचा आक्रोश त्यांच्या कानी पडला. रथ तेथूनच फिरला आणि ते गिरनार पर्वताकडे गेले. मंडपाकडे जाणारा रथ डोंगराकडे वळला, ही घटनाच मुळी सौंदर्याच्या एका कल्पनेकडून दुसऱ्या कल्पनेकडे जाणारी आहे. मंडपाच्या शोभेत मुक्या जीवांचे रक्त मिसळणार होते. डोंगराच्या शोभेत कोणाचेच दुःख मिसळलेले नव्हते. निसर्गाचे सौंदर्य आणि अहिंसा यांचे नाते यापेक्षा स्पष्टपणे कोणत्या कथेने सांगितले असेल?

नेमगिरीच्या गुहा वेरूळसारख्या भव्य नाहीत. त्या लहान आहेत आणि त्यांची दारे फारच ठेंगणी आहेत. कितीही मोठा सावकार असो वा अधिकारी, वाकल्याखेरीज आत पाऊल टाकता येत नाही. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. भक्ताला क्षणभर थांबावे लागते. मग दिव्याच्या उजेडात पाषाणाची कडा उमटते, खांदा दिसतो, मिटल्यासारखे वाटणारे नेत्र दिसतात आणि अखेर पद्मासनातील पूर्ण प्रतिमा समोर साकार होते. आदिनाथ, शांतिनाथ, नेमिनाथ, पार्श्वनाथ, महावीर आणि बाहुबली यांच्या प्रतिमांचे दर्शन अशा रीतीने एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाताना घडते. तरुण माणूस घाईने आत जातो, हात जोडतो आणि बाहेर पडतो. वृद्धाला मात्र घाई करता येत नाही. वाकण्यास वेळ लागतो, डोळे सरावण्यास वेळ लागतो, उठण्यासही वेळ लागतो. या वेळामुळेच त्याला जे दिसते, ते घाई करणाऱ्याला दिसत नाही.

पार्श्वनाथ भगवंतांची प्रतिमा तर या क्षेत्राचे भूषण होय. फणामंडित अशी ती प्रचंड पाषाणप्रतिमा तळाशी असलेल्या एका छोट्याशा दगडी आधारावर तोललेली आहे. म्हणून तिला ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ म्हणतात. भाविक तिला अतिशय मानतात आणि स्थापत्याचा जाणकार भार तोलण्याच्या त्या कौशल्यापुढे नतमस्तक होतो. दोघांच्याही मनात येणारा विचार एकच असतो. एवढा भार पेलण्यास एवढासा आधार पुरतो. आयुष्यभर आधार वाढवीत गेलेल्या, एका दुकानाची दोन आणि दोनांची चार करीत गेलेल्या गृहस्थाला उत्तरायुष्यात ही प्रतिमा जे सांगते, ते कोणत्याही व्याख्यानाहून अधिक आहे.

शेजारच्या टेकडीचे चंद्रगिरी हे नावही श्रवणबेळगोळची आठवण करून देते. तेथील चंद्रगिरीवर सम्राट चंद्रगुप्त मौर्याने राज्य सोडून आचार्य भद्रबाहूंच्या सान्निध्यात अखेरचे दिवस घालविले, अशी परंपरा आहे. त्याच परिसरात राष्ट्रकूट घराण्यातील चौथ्या इंद्रराजाने इ.स. ९८२ मध्ये सल्लेखना घेतल्याचा शिलालेख आहे. समोरच्या विंध्यगिरीवर चावुंडरायाने इ.स. ९८१ च्या सुमारास उभारलेल्या सत्तावन्न फुटी बाहुबलींची कथा तर एका वृद्धेशिवाय पूर्ण होतच नाही. मूर्ती उभारण्याची प्रेरणा मातेच्या दर्शनाच्या इच्छेतून मिळाली, असे सांगतात. पहिल्या महाभिषेकाच्या वेळी मंत्र्याचे घागरीमागून घागरी दूध मूर्तीच्या कमरेखाली पोहोचेना. तेव्हा एका गरीब म्हातारीने छोट्याशा फळाच्या कवचात आणलेल्या दुधाने मूर्ती नखशिखांत न्हाऊन निघाली, अशी आख्यायिका आहे. त्या ‘गुळ्ळकायज्जी’ची मूर्ती आजही बाहुबलींसमोर उभी आहे. निर्मात्याच्या मनात मालकीचा अंश उरला होता, म्हातारीच्या मनात तो नव्हता, एवढाच त्या कथेचा अर्थ.

परभणी जिल्ह्यात अशी इतरही स्थाने आहेत. पूर्णाकाठच्या उखळद येथील नेमिनाथांची प्रतिमा पुढे नवागड येथे विराजमान झाली आणि ते अतिशय क्षेत्र म्हणून प्रसिद्ध पावले. जिंतूर तालुक्यातीलच चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरे, बारव आणि कोरीव दगडी स्तंभ यांसाठी ओळखले जाते. पूर्णेवरील येलदरी धरण इ.स. १९६८ मध्ये पूर्ण झाले आणि तालुक्याला विस्तीर्ण जलाशय लाभला. आषाढ-श्रावणात हिरवीगार झालेली टेकडी आणि फाल्गुनात केशरी फुलांनी पेटलेले पळस ही या भूमीची दोन रूपे आहेत. पानगळीच्या उघड्या फांद्यांवरच पळस फुलतो. उतारवयातील माणसाने याची नोंद घ्यावी.

कुंथलगिरी

या परंपरेचा आधुनिक काळातील सर्वोच्च आविष्कार मराठवाड्याच्याच एका डोंगरावर झाला. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात असलेले कुंथलगिरी हे देशभूषण आणि कुलभूषण मुनींचे निर्वाणस्थान म्हणून पूजनीय आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज यांनी आपल्या अखेरच्या चातुर्मासासाठी हा डोंगर निवडला. त्यांचा जन्म इ.स. १८७२ चा. बेळगाव जिल्ह्यातील भोज हे त्यांचे गाव. दिगंबर मुनिपरंपरा क्षीण झालेल्या काळात त्यांनी दक्षिणेतून उत्तर भारतापर्यंत पायी विहार करून ती पुन्हा तेजस्वी केली.

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी महाराजांची दृष्टी अतिशय मंदावली. मुनीला पाऊल टाकताना भूमी पाहून टाकावी लागते आणि आहार निरखून घ्यावा लागतो. डोळ्यांनी साथ सोडल्यावर जीवरक्षण होणार नाही, हे जाणून त्यांनी सल्लेखना स्वीकारली. १४ ऑगस्ट १९५५ रोजी तिचा आरंभ झाला आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी, कुंथलगिरीवर त्यांची समाधी झाली. मध्यंतरी ८ सप्टेंबर रोजी, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी दिलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. तो मराठीत आहे.

सल्लेखना हे मुनिधर्माचे आणि कठोर साधनेचे शिखर आहे. सामान्य श्रावकाने येथून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. महाराजांच्या दृष्टीने डोळे हे कशासाठी होते? दुसऱ्या जीवाला आपल्या पायाखाली इजा होऊ नये, यासाठी. आपण डोळ्यांचा उपयोग वस्तू निवडण्यासाठी करतो, त्यांनी जीव वाचविण्यासाठी केला. ज्याला पायाखालची मुंगी दिसते, त्यालाच डोंगर खऱ्या अर्थाने दिसतो. निसर्गाचा आस्वाद आणि निसर्गाची राखण या दोन गोष्टी जैन परंपरेत कधीच वेगळ्या नव्हत्या.

आजचे कर्तव्य

इतिहास एवढे सांगून थांबतो. पुढील भाग वर्तमानाचा आहे. आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठ आजही गादीवरून उठत नाहीत. मुलाचे लग्न होऊ द्या, नवे दुकान मार्गी लागू द्या, नातवाचे शिक्षण होऊ द्या, मग निवांत तीर्थाटन करू, असे म्हणता म्हणता वर्षे सरतात. निवांतपणा येतो तेव्हा गुडघे पायऱ्या नाकारतात आणि डोळ्यांसमोर धुके येते. अमोघवर्षाला साम्राज्याच्या गादीवरून उठता आले. चार खणांच्या दुकानातून उठणे त्याहून अवघड असावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. डोळे शाबूत आहेत तोवर पाहून घेणे आणि पाय साथ देतात तोवर चढून जाणे, हेही उत्तरायुष्याचे एक व्रतच समजावे.

दुसरे कर्तव्य विश्वस्त संस्थांचे आणि तरुणांचे आहे. भक्तीच्या उत्साहात अनेक ठिकाणी जुन्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो, कोरीव खांब चकचकीत फरशांखाली झाकले जातात, दगडी जोत्यांवर सिमेंट ओतले जाते. दान देणाऱ्याची भावना शुद्ध असते, पण शतकांपूर्वीच्या शिल्पीचा हात त्यामुळे कायमचा पुसला जातो. परभणीच्या ताम्रपटातील दान मोडलेले दुरुस्त करण्यासाठी होते, असलेले झाकण्यासाठी नव्हते. जीर्णोद्धार करताना जाणत्या पुरातत्त्वज्ञांचा सल्ला घेणे, डोंगराच्या वाटेवर ठराविक अंतरावर सावलीत बसण्याची सोय करणे, पायऱ्यांना कठडे लावणे, चढू न शकणाऱ्यांसाठी डोलीची व्यवस्था करणे, आणि वड, पिंपळ, कडुनिंब, आंबा यांसारखी आपल्या मातीतील झाडे लावून ती जगविणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. ज्या ज्येष्ठांना दिसेनासे झाले आहे, त्यांच्यासोबत एका नातवाने जावे आणि समोर काय आहे ते शब्दांनी सांगावे. आजोबांना दर्शन घडेल आणि नातवाला पाहण्याची सवय लागेल.

सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्याही आयुष्यातील उत्तरार्धाचा आरंभ असतो. पहिल्या पन्नास वर्षांत जमीन मिळविली, इमारती उभारल्या, निधी जमविला. म्हणजेच क्षेत्र, वास्तु आणि धन यांची जुळवाजुळव झाली, आणि ती आवश्यकच होती. पुढील पन्नास वर्षांत मिळविलेले राखावयाचे आहे आणि त्यावरील ‘माझे’पण सोडावयाचे आहे. कोनशिलेवरील नाव काळाच्या ओघात झिजते. नेमगिरीच्या गुहेत ज्याने पहिला घाव घातला, त्याचे नाव आज कोणाच्याही ओठी नाही. तरीही त्याने कोरलेल्या ठेंगण्या दारातून आत जाताना प्रत्येक मस्तक आपोआप लवते. त्या अनाम शिल्पीला आणि त्याच्यासमोर वाकून गेलेल्या असंख्य पिढ्यांना या सुवर्णमहोत्सवी वर्षात विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र!